खरकट्यावर पेटणारी शेगडी

उरलेला भात, शिळी पोळी, बटाट्याची सालं सकाळी घंटागाडीत पडली की आपण मोकळे होतो. ते खरकटं मात्र कचरा डेपोच्या ढिगाऱ्यात दबतं. तिथे हवा पोचत नाही, आणि हवेवाचून जगणारे सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

हेच सूक्ष्मजीव घरच्या टाकीत पाळता येतात. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी तसं यंत्र विकसित केलं आणि 2006 साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचा विचार मला फार मोलाचा वाटतो. शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेलं अन्न, त्यातला पौष्टिक भाग तिने काढून घेतलेला असतो. मग सूक्ष्मजीवांना चोथा का द्यायचा? थेट पिठूळ, गोड अन्न घाला. शेणाच्या मानाने अगदी थोड्या वजनात भरपूर गॅस मिळतो. शेण लागतं ते सुरुवातीच्या विरजणापुरतं. रचनाही साधी आहे. पाण्याच्या एका प्लास्टिक टाकीत दुसरी, थोडी लहान टाकी उपडी ठेवायची. गॅस साठेल तशी ती वर उचलली जाते, आणि नळीने तो गॅस शेगडीपर्यंत जातो.

सिलिंडरचा एक किलो गॅस जाळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; त्याऐवजी हा गॅस वापरला की तेवढा वाचतो. पण एका घराच्या खरकट्यावर सगळा स्वयंपाक होत नाही, त्यामुळे ही बचत लहानच राहते. मोठा फायदा आहे ढिगाऱ्यात न झालेल्या मिथेनचा. शेगडीत एक किलो मिथेन जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तोही भाताच्या रोपाने नुकताच हवेतून घेतलेला.

म्हणूनच गळती हा या यंत्राचा खरा शत्रू. न जळता निसटलेला गॅस सगळी कमाई बुडवतो. नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. एकदम जास्त खरकटं घातलं तर टाकी आंबते आणि ज्योत धरत नाही. अशा वेळी काही दिवस तिला उपाशी ठेवावं. दिवाळीला गावी जायचं असेल तर चार-पाच दिवस आधीच खरकटं घालणं थांबवावं. नाहीतर घराला कुलूप असताना वरची टाकी पूर्ण उचलली जाते आणि कडेने बुडबुडे फुटत राहतात.