प्रतिमा-संकोचन लायब्ररीतील साधे स्मृतिव्यवस्थापन : 'लिबजेपेग'च्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्मृतिव्यवस्थापन हा विषय बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकरणात शिकविला जातो. एखादी लायब्ररी आपल्यापुरती स्मृती कशी राखते याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वास्तविक विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगे एक सुबोध उदाहरण कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. इंडिपेंडंट जेपेग ग्रुप या गटाने 'सी' भाषेत लिहिलेली 'लिबजेपेग' ही ती लायब्ररी होय. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये, तर दीर्घकाळ प्रमाण मानली गेलेली ६-बी ही आवृत्ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. सदर लेखात तिच्या स्मृतिव्यवस्थापकाचा परिचय करून दिला आहे.

मूळ अडचण

'सी' भाषेत मॅलॉकने मागितलेली प्रत्येक जागा फ्रीने परत करावी लागते. जेपेग प्रतिमा उलगडताना हफमन कोष्टके, संख्यांकन कोष्टके, ओळींचे बफर असे लहानमोठे अनेक घटक निर्माण होतात. धारिका मध्येच सदोष निघाली तर लायब्ररी त्रुटिनिवारक फलनाकडे वळते व तेथून मूळ आज्ञावली बहुधा 'लाँगजंप'ने थेट बाहेर पडते. अशा वेळी वाटेतील फलनांना आवरासावर करण्याची संधीच मिळत नाही. मग कोणती जागा कोणी परत करावयाची?

संचयांची योजना

यावरील उत्तर अगदी साधे आहे. प्रत्येक घटक दोहोंपैकी एका संचयात नोंदविला जातो. पहिला 'कायम' संचय, जो संकोचन अथवा उलगडणीची मूळ वस्तू असेपर्यंत टिकतो. दुसरा 'प्रतिमा' संचय, जो एका प्रतिमेचे काम संपताच रिकामा होतो. सुटा घटक परत करण्याची सोयच ठेवलेली नाही. पंगत उठल्यावर पत्रावळी एकदम उचलतात, तसाच हा प्रकार. त्रुटी कोठेही उद्भवो, बाहेर पडल्यावर मूळ वस्तू विसर्जित करण्याचे एक आवाहन पुरेसे होते. लायब्ररीने उघडलेल्या तात्पुरत्या धारिकाही त्याच वेळी बंद होतात.

लहान घटकांसाठी प्रत्येक वेळी मॅलॉककडे धाव घेतली जात नाही. प्रतिमा संचयाचा पहिला तुकडा मागताना गरजेपेक्षा १६,००० बाइट अधिक मागितले जातात, पुढील तुकड्यांना ५,०००. कायम संचयाच्या पहिल्या तुकड्याला १,६०० व नंतर काहीच नाही. मागणी नाकारली गेल्यास ही वाढीव रक्कम निम्मी करून पुन्हा विचारले जाते. ती ५० बाइटांच्या खाली गेली की मगच स्मृती संपल्याची त्रुटी दिली जाते. कोकरबाजीचा लवलेश नसलेला हा व्यवहारी हिशेब प्रस्तुत लेखकास विशेष आवडतो.

या योजनेची किंमतही आहे. प्रतिमा संचयातून घेतलेला ओळीचा बफर प्रतिमा पूर्ण झाल्यावर वापरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते, कारण तोवर ती जागा परत गेलेली असते. उलट, मूळ आज्ञावलीने स्वतः मॅलॉकने घेतलेली जागा लायब्ररी सोडवीत नाही.

मोठ्या प्रतिमांचा प्रश्न

साध्या क्रमिक जेपेगची उलगडणी थोड्या ओळी हाताशी ठेवून होते. ४००० × ३००० बिंदूंच्या नेहमीच्या रंगीत प्रतिमेस, जीत दोन्ही रंगघटक उभे-आडवे निम्मे केलेले असतात, कामचलाऊ बफर एक-दोन लाख बाइटांत भागतो. प्रगामी जेपेगमध्ये मात्र प्रत्येक ८ × ८ ठोकळ्याचे सहगुणक अनेक फेऱ्यांत थोडेथोडे येतात, म्हणून ते सर्व सांभाळावे लागतात. एका ठोकळ्यास ६४ सहगुणक, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे १२८ बाइट. अशा सुमारे २,८२,००० ठोकळ्यांना ३.६ कोटी बाइट लागतात.

१९९० च्या दशकातील डॉस यंत्रांवर, जेथे मूळ स्मृती ६४० किलोबाइटांची असे, हे अशक्यच होते. त्यासाठी लायब्ररीत 'आभासी सारण्या' आहेत. आवश्यक त्या सर्व सारण्यांची आधी नोंद होते. मग एकत्रित बेरीज करून उपलब्ध स्मृतीशी ताळा घेतला जातो. सर्व मावल्यास उत्तम, अन्यथा प्रत्येक सारणीच्या काही पट्ट्या स्मृतीत ठेवून उर्वरित भाग तात्पुरत्या धारिकेत लिहिला जातो. हा यंत्रसापेक्ष भाग वेगळ्या लहान धारिकांत काढल्यामुळे डॉस, मॅकिंटॉश वा युनिक्स यांसाठी हवा तो जोडता येतो.

त्यांतील सर्वांत साधी धारिका बाह्य साठा वापरतच नाही. 'किती स्मृती उपलब्ध आहे?' या प्रश्नाला ६-बी आवृत्तीतील ही धारिका 'मागाल तेवढी' असे उत्तर देते व मागणी थेट मॅलॉककडे सोपविते. मुबलक स्मृतीच्या यंत्रांवर हीच निवड रूढ झाली. २०१० मध्ये वेगळ्या झालेल्या 'लिबजेपेग-टर्बो'नेही हीच वाट धरली.

पण धोका नेमका येथेच आहे. लायब्ररीस चालणारी कमाल लांबी व रुंदी ६५,५०० बिंदूंची आहे. एखाद्या लहानशा प्रगामी धारिकेच्या शीर्षभागात हेच आकडे लिहिलेले असल्यास वरील हिशेबाने सुमारे १,२९० कोटी बाइटांची मागणी होते, आणि तीही चित्राचा मजकूर तपासण्यापूर्वीच. ६-बी मध्ये वापरकर्त्याने घातलेली कमाल स्मृतीची मर्यादा वरील साधी धारिका विचारातच घेत नाही. म्हणून विद्यार्थ्यांची छायाचित्रे किंवा हस्तलिखितांच्या प्रती संकेतस्थळावर स्वीकारणाऱ्या महाविद्यालयाने शीर्षभाग वाचून झाल्यावर, उलगडणी सुरू करण्याआधी, लांबी-रुंदी स्वतः तपासावी व मर्यादेबाहेरची धारिका तेथेच नाकारावी. शीर्षभाग वाचण्याचे व उलगडणी आरंभण्याचे आवाहन लायब्ररीत स्वतंत्र असल्याने या तपासणीस दोन-चार ओळी पुरतात.