वैशाखातली ओली भिंत

वैशाख महिना. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या घरात. आभाळात ढगाचा ठिपकाही नाही. आणि न्हाणीघरामागची भिंत मात्र ओलीकच्च! रंगाचे पापुद्रे सुटलेत, हात लावला तर भुसा झडतो. पाऊस नाही, मग हे पाणी आलं कुठून?

बाबा म्हणतील, "दिवाळीला रंग मारू." पण थांबा! चोर भिंतीच्या आत आहे. जुना लोखंडी पाइप आतून गंजतो, सांध्याशी बारीक छिद्र पडतं. अंगणातल्या पाइपाला तर आपली वऱ्हाडातली काळी मातीही छळते. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते, पावसाळ्यात फुगते. या ओढाताणीत सांधे ढिले होतात.

एक खडू रंगीत पाण्यात उभा करून पाहा. पाणी वर चढतं ना? विटेतही अशीच बारीक छिद्रं असतात. म्हणून गळती खाली असते आणि ओल वर दिसते. पाणी सुकतं, त्यातले क्षार मागे उरतात. हाच तो पांढरा लोणा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट, तिथे तर विचारूच नका!

आता चोर पकडू या. नळ येणार नसेल त्या रात्री गच्चीवरच्या टाकीत पाणी कुठवर आहे, ते मोठ्यांना मोजायला सांगा. सगळ्या तोट्या बंद, फ्लशची टाकीही झिरपायला नको. सकाळी पाणी उतरलं? मग दुसऱ्या रात्री टाकीखालचा कॉक बंद करून बघा. आता पाणी जागच्या जागी राहिलं, तर गळती घरातल्या पाइपात. तरीही उतरलं, तर टाकीच गळकी.

पुढचं काम प्लंबरकाकांचं. ओल्या भिंतीवर विजेचं बटण असेल तर त्याला हात लावू नका, मोठ्यांना मेन स्विच बंद करायला सांगा. काका गिलावा फोडतील, गंजलेला तुकडा बदलतील. पण लगेच बुजवू द्यायचं नाही! आधी पाणी सोडून सांधा कोरडा राहतो का, ते बघायचं. मग लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, भिंत काही आठवडे वाळू द्यायची, नंतर गिलावा आणि सगळ्यात शेवटी रंग. घाई केली, की पापुद्रे पुन्हा हजर!

हे सगळं फक्त भिंतीसाठी नाही, बरं का! नळ गेला, की जमिनीतल्या पाइपातला दाब जातो आणि बाहेरचं घाण पाणी त्याच छिद्रातून आत शिरू शकतं. कावीळ, हगवण अशीही घरात येते.

आणि हिशेब करा. १० मिनिटांत १०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक कप गळलं, तर दिवसाला १४ लिटरांहून जास्त आणि महिन्याला ४३२ लिटर! अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, अमरावतीचं मोर्शीजवळच्या अप्पर वर्धातून. इतक्या लांबून आलेलं पाणी भिंतीला पाजायचं का? आज रात्रीच टाकी मोजा!