काय मोजायचे आणि केव्हा

गोसीखुर्दच्या भिंतीवर उभे राहिले की वैनगंगेचे पाणी दिसते, 33 दरवाजे दिसतात. भिंतीच्या पोटात काय चालले आहे ते मात्र दिसत नाही. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या, अकरा किलोमीटरहून लांब असलेल्या या धरणाचा बराच भाग मातीचा आहे. मातीत पाणी मुरायचेच. ते किती दाबाने मुरते, यावर भिंतीची प्रकृती ठरते.

हा दाब मोजायला मोठ्या धरणांत पीझोमीटर पुरतात. त्याच्या एका प्रकारात ताणलेली पोलादी तार असते. विजेचा हलका झटका दिला की ती झंकारते. दाब वाढला की ताण ढिला होतो आणि स्वर उतरतो. सतार ऐकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको! शेजारी तापमानासाठी थर्मिस्टर असतो. त्याचा विद्युतरोध मोजायचा.

अशी मोजमापे रात्रंदिवस कोण घेणार? तिथे प्रोग्रॅम करता येणारा डिजिटल मल्टीमीटर किंवा त्याच जातीचा डेटा लॉगर कामी येतो. इलेक्ट्रिशियन मीटरची चकती हाताने फिरवतो, इथे ते काम संगणकाचा हुकूम करतो. मी बी. ए. झालेला कवी. मला यात भावली ती हुकमांची विभागणी.

पहिला हुकूम 'कॉन्फिगर'. रोध मोजायचा की कंपनसंख्या, पल्ला किती, एका मोजणीला वेळ किती. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे. मोजणी तेवढीच, किंवा त्याच्या पूर्ण पटीत चालली, तर शेजारच्या वीजतारांच्या गुणगुणीचे चढ-उतार एकमेकांना खाऊन टाकतात. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथले गणित इथे चालत नाही.

एवढे सांगूनही मीटर काही मोजत नाही. 'इनिशिएट' म्हटले की तो सज्ज होतो आणि ट्रिगरची, म्हणजे चाप ओढण्याची वाट पाहतो. चाप घड्याळ ओढेल, बाहेरचा एखादा संकेत किंवा खुद्द संगणक. त्यानंतरही क्षणभर थांबावे लागते. लांब केबलमध्ये विद्युतभार साठतो, तो स्थिरावण्याआधी घेतलेला आकडा खोटा निघतो.

खरी मेख 'फेच' या हुकमात आहे. तो मोजत नाही, मीटरच्या स्मृतीतला आकडा फक्त आणून देतो. मधे नवी मोजणी झाली नसेल, तर दहा वेळा विचारा, दहाही वेळा तोच आकडा, तितकाच ठाम, सगळे दशांश जागेवर. बघणाऱ्याला वाटते, दाब स्थिर आहे. ऑगस्ट 2020 अखेरच्या महापुरात गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले होते. असे पाणी चढत असताना सकाळचा आकडा संध्याकाळी ताजा म्हणून वाचला गेला, तर काय होईल? म्हणून आकड्याशेजारी वेळही नोंदवतात, आणि ती वेळ चाप ओढल्याची हवी, आकडा मागितल्याची नव्हे.