जबडा न कापता घशाची शस्त्रक्रिया

'यंत्रमानव शस्त्रक्रिया करतो' हे शब्द कानी पडताच डोळ्यांपुढे हातात सुरी घेतलेला लोखंडी मनुष्य उभा राहतो. ही कल्पना वाचकांनी प्रथम मनातून काढून टाकावी, अशी आमची विनंती आहे. हे यंत्र आपण होऊन तसूभरही हलत नाही.

टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या जागा मोठ्या अडचणीच्या. तेथे नजर सरळ जात नाही, हात तर नाहीच. म्हणून तेथील कर्करोगाची गाठ काढण्यासाठी पूर्वी पुष्कळदा खालचा ओठ चिरून, जबड्याचे हाड कापून ते कवाडासारखे बाजूस सारावे लागे. रोग जाई, पण चेहऱ्यावर व्रण राही, घास गिळणे आणि बोलणे जड होई.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. वाइनस्टाइन व डॉ. ओमॅली या शस्त्रवैद्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात निराळी वाट घातली. रोग्यास पूर्ण भूल देऊन त्याचे तोंड उघडे धरून ठेवतात. यंत्राचे बारीक बाहू मुखावाटे आत जातात. एकावर दुर्बीण, इतरांवर हत्यारे. वैद्य थोड्या अंतरावर बसून घशाचे मोठे, खोली दाखविणारे चित्र पाहतो. त्याची बोटे वळतील तशी आतील हत्यारे मनगटासारखी वळतात; हाताचा सूक्ष्म कंप मात्र यंत्र गाळून टाकते. अमेरिकन सरकारने २००९ साली या पद्धतीस मान्यता दिली.

तथापि ही वाट मुख्यतः लहान, आरंभीच्या गाठीलाच मोकळी आहे. मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा घसा तीन आठवडे दुखणे, कानात दोष नसता कान ठणकणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांस दाखवावे. न दुखणारी गाठच माणसे अधिक काळ अंगावर काढतात, हे दुर्दैव.

केवळ किरणोपचारानेही असा रोग बरा होऊ शकतो. ६८ रोग्यांची एक तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत वर्षभरानंतर गिळण्याच्या बाबतीत किरणोपचार घेतलेलेच किंचित सरस ठरले. म्हणून दोन्ही मार्ग उघड करून सांगणारा वैद्य आम्हांस अधिक विश्वासाचा वाटतो.

शस्त्रक्रियेनंतरही मानेतील ग्रंथी वेगळ्या छेदाने काढाव्या लागतात, काहींना किरणोपचारही चुकत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत तोंडातून रक्त आले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. पुष्कळांना आरंभी नाकातील नळीने अन्न द्यावे लागते. मग पेजेचा एकेक घोट गिळावयास नव्याने शिकावे लागते.