छोट्या भूमिकेचे मोल

नाटक किंवा चित्रपट पाहून बाहेर पडताना आपण नायकाचे नाव घेतो, नायिकेचे गाणे गुणगुणतो. पण म्हाताऱ्या बापाचे, मास्तराचे वा नोकराचे काम कोणी केले, हे क्वचितच विचारतो. अशी कामे करणाऱ्याला चरित्र-अभिनेता म्हणतात. त्याचे काम नेमके काय असते, हे ए. के. हंगल ह्यांच्या कारकिर्दीवरून चांगले समजते.

अवतार किशन हंगल ह्यांचा जन्म १९१४ साली सियालकोट येथे झाला. बालपण पेशावरात गेले. पोटासाठी त्यांनी शिंपीकाम केले, हौसेखातर नाटके केली आणि कराचीत ते कामगार चळवळीत पडले. पुढे तुरुंगवास भोगून १९४९ साली ते मुंबईस आले. येथे ‘इप्टा’ ह्या नाट्यसंस्थेत बलराज साहनी, कैफी आझमी प्रभृतींबरोबर ते वावरले. चित्रपटात ते आले १९६६ साली, ‘तीसरी कसम’मधून. तेव्हा त्यांचे वय ५२ वर्षांचे होते! ह्या वयात गिरणीतला माणूस निवृत्तीचे दिवस मोजू लागतो. हंगलांनी ह्यानंतर दोनशेहून अधिक चित्रपट केले.

चरित्र-अभिनेत्याजवळ वेळ थोडा असतो. नायकाला स्वभाव उलगडण्यास तीन तास मिळतात. ह्याला तीन-चार प्रसंगांत सबंध आयुष्य उभे करावे लागते. ‘शोले’मधला (१९७५) अंध इमाम घ्या. त्याचा तरुण मुलगा मारला जातो आणि गावकरी दोघा नायकांना गावाबाहेर घालविण्यास निघतात. त्या वेळी तो म्हातारा उभा राहतो, आणि गावाचे मन फिरते. तो प्रसंग फसता तर पुढच्या कथेला आधारच उरला नसता. म्हणजे घराचा भार जसा न दिसणाऱ्या पायावर, तसा कथेचा भार अशा नटावर असतो.

‘नमक हराम’मध्ये (१९७३) त्यांनी कामगार पुढारी बिपिनलाल रंगविला. मालकाचा मुलगा त्याचा अपमान करतो, आणि पुढे कपटाने त्याला संघटनेच्या निवडणुकीत पाडतो. आम्ही कारखान्यांच्या दारांत वर्षानुवर्षे सभा घेतल्या आहेत. पडद्यावरचे पुढारी पाहून आम्हांस बहुधा हसू येते. बिपिनलाल पाहताना ते आले नाही. त्याचा आवाज चढत नाही, पण पाठ वाकत नाही. चळवळीत घालविलेली वर्षे येथे उपयोगी पडली असावीत, असे आम्हांस वाटते.

२००६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण २०११ मध्ये औषधपाण्याचा खर्च झेपेनासा झाल्याची बातमी वृत्तपत्रांतून आली, तेव्हा चित्रसृष्टीतील लोक मदतीस धावले. २६ ऑगस्ट २०१२ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

मदत करणाऱ्यांचे आम्ही आभारच मानू. तरी एक प्रश्न उरतो. ज्याच्या श्रमावर दोनशे कथा उभ्या राहिल्या, त्याचे म्हातारपण कुणाच्या चांगुलपणावर का अवलंबून असावे? टाळ्या आणि सन्मानपत्रे चांगलीच. पण म्हातारपणाची तरतूद हा उपकार नव्हे, तो मजुरीचाच राहिलेला हिस्सा आहे. हे गिरणीतल्या कामगाराइतकेच नटालाही लागू आहे.