आपली काजळी आपणच जाळणारी गाडी

मी मराठीचा मास्तर. संधी सुटत नसेल तर सोडवून देईन, पण स्कूटरचा प्लग साफ करायचा म्हटले तरी मला घाम फुटतो. अशा माणसाने जुनी का होईना, पण डिझेलवर चालणारी मोटार घ्यावी आणि सदाशिव पेठेतल्या घरापासून तीन किलोमीटरवरच्या कॉलेजला तिच्यातून जावे, यातच पुढच्या सगळ्या रामायणाचे मूळ होते.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला. पेटीत ठिपके भरावेत असे त्यावरचे चित्र. माहितीपुस्तक काढण्याऐवजी मी ओळखीच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने वाकून पाहिले आणि निकाल दिला, "सर, तुमची जाळी चोंदली. नवी टाकायची म्हणजे खर्च फार. त्यापेक्षा आतून पोकळ करून देतो, वरून वेल्डिंग. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

त्याने सांगितलेला नव्या जाळीचा आकडा ऐकून पोकळ करण्याची सूचना मला फार शहाणपणाची वाटली, हे कबूल केलेच पाहिजे. "उद्या येतो" असे सांगून मी कॉलेज गाठले आणि शिक्षकांच्या खोलीत ही हकीगत ऐकवली. आमचे पदार्थविज्ञानाचे स्नेही चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अहो, ती जाळी चोंदण्यासाठीच असते! आणि मोकळीही तीच होते, फक्त तुम्ही तिला सवड देत नाही."

मग त्यांनी मला कंदिलाची आठवण करून दिली. वात जास्त वर केली की काच काळी होते, कारण तेलाला पुरेशी हवा मिळत नाही. डिझेलच्या इंजिनात तेच घडते. दाबून तापवलेल्या हवेत तेलाचा फवारा उडतो, तो जागच्या जागी पेट घेतो, पण फवाऱ्याच्या गाभ्यापर्यंत हवा पोचण्यापूर्वीच काही तेलाची काजळी होऊन जाते. पूर्वीच्या ट्रकमागे जो काळा लोट दिसे, तो हाच.

ती काजळी अडवायला धुराच्या वाटेत चिनी मातीच्या जातीची एक गाळणी बसवतात. ती आहे मोठी युक्तीची! मधाच्या पोळ्यासारख्या शेकडो अरुंद नळ्या, पण प्रत्येक नळीचे एकच तोंड उघडे. शेजारच्या नळीचे उघडे तोंड नेमके दुसऱ्या टोकाला. धूर एकीत शिरतो, पुढे वाट बंद, म्हणून सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारणीत जातो आणि बाहेर पडतो. काजळी भिंतीलाच राहते. वजनाने पाहिले तर शंभरातली पंचाण्णव भागांहून अधिक काजळी अशी अडते.

आता ही साठलेली काजळी जायची कुठे? तर तिथेच जळायची. काजळी आपणहून जळायला सुमारे 600 अंश सेल्सिअस उष्णता लागते. परंतु गाळणीच्या अलीकडे प्लॅटिनमसारख्या धातूंचा लेप दिलेला एक भाग असतो. तिथे धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि त्याच्या संगतीत काजळी 250 ते 400 अंशांतही हळूहळू जळू लागते. हमरस्त्यावर गाडी एका लयीत धावत असली की हे काम चालकाच्या नकळत होत राहते. लक्ष्मी रोडवर रांगणाऱ्या गाडीच्या धुरात तेवढी ऊब कुठून यायची?

मग गाडीतला संगणक उपाय योजतो. गाळणीच्या आधीचा आणि नंतरचा दाब तो सारखा ताडून पाहत असतो. फरक वाढला की स्फोट होऊन गेल्यावर तो सिलिंडरमध्ये तेलाचा आणखी एक थेंब सोडतो. हे तेल त्या लेपावर जाऊन जळते, धूर 600 अंशांपर्यंत तापतो आणि दहा ते वीस मिनिटांत गाळणी मोकळी होते. गाडी थांबवल्यावरही पंखा घोंघावत राहिला, बंद न करताच इंजिनाचा वेग किंचित चढा वाटला, तर समजावे की आत शेगडी पेटली आहे. (अशा वेळी गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये.)

आमच्या तीन किलोमीटरांत नेमकी हीच शेगडी रोज पेटत होती आणि कॉलेजच्या फाटकाशी मी रोज ती विझवत होतो. शिवाय न जळलेले ते जादा तेल सिलिंडरच्या कडेने इंजिनऑइलमध्ये उतरत होते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली पाहून मी आनंदलो होतो, हे स्नेह्यांना सांगितले नाही.

युरोपात प्यूजोने आपल्या 607 या मोटारीत 2000 साली अशी गाळणी बसवली. तेव्हा काजळी कमी उष्णतेत जळावी म्हणून तेलात सिरियमचे औषध मिसळत. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 देशभर लागू झाले आणि डिझेलमधले गंधकही दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आले. गंधकाने लेप निकामी होतो, म्हणून आधी तेल सुधारणे भागच होते.

त्या रविवारी आम्ही कात्रजचा बोगदा ओलांडून खेड-शिवापूरच्या पुढे गेलो. गाडी साठ-सत्तरच्या वेगाने एकसारखी चालवली. विसाव्या मिनिटाला दिवा विझला. माहितीपुस्तकातही हेच छापले होते. दिवा पिवळा असतानाच हे करावे, लांबवत गेले तर इंजिन जोर धरीनासे होते आणि मग कारखान्यातच न्यावे लागते. एक गोष्ट मात्र कितीही धावून जात नाही, ती म्हणजे इंजिनऑइलमधल्या क्षारांची राख. ती वर्षानुवर्षे साठते. म्हणून कमी राखेचेच ऑइल घालायचे.

मिस्त्रीकडे परत गेलो नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातला, हे स्नेह्यांनी जाता जाता सांगितले होते. आमच्या फाटकाला लागूनच प्राथमिक शाळा आहे. सकाळी साडेसातला तिथली पोरे बरोबर सायलेन्सरच्या उंचीवर उभी असतात. जाळी पोकळ केली असती, तर माझे वाचलेले पैसे त्यांच्या छातीत जाऊन बसले असते, आणि मिस्त्री म्हणाला तसे कुणाला कळलेही नसते.

हल्ली कॉलेजला मी चालत जातो. गाडी एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी खेड-शिवापूरला जाऊन येते. सौ. त्याला गाडीचे अभ्यंगस्नान म्हणतात, आणि येताना वांगी आणायला लावतात.