मूळ लेखाचा शोध

‘संशोधनाने हे सिद्ध झाले आहे,’ हे वाक्य अलीकडे आपल्या कानांवर फार येऊ लागले आहे. ते वर्तमानपत्रांत असते, औषधांच्या जाहिरातींत असते आणि कचेरीत माझ्या मेजावर येणाऱ्या टिपणांतही असते. अशा वाक्याच्या समासात मी बहुधा एकच शेरा लिहितो: ‘कोणते संशोधन? मूळ लेख जोडावा.’ टिपण परत येते तेव्हा पुष्कळदा लेखाऐवजी लेखाविषयीची बातमीच जोडलेली असते. हा केवळ आळस म्हणता येणार नाही. मूळ लेख कसा हुडकावा हे आपल्याला शाळा-कॉलेजात सहसा कोणी शिकवीतच नाही.

आता ज्याला आपण तज्ज्ञ-परीक्षित लेख म्हणतो, तो म्हणजे काय? संशोधकाने पाठविलेला लेख संपादक त्याच विषयात काम करणाऱ्या दोन-तीन तज्ज्ञांकडे धाडतो. ते पद्धत पाहतात, आकडे पाहतात, शंका काढतात. कधी दुरुस्त्या मागतात, कधी लेख नाकारावा असे कळवितात. एवढ्यातून पार पडलेला लेख छापला जातो. असे लेख नियतकालिकांत विखुरलेले असतात आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या तालिकेत त्यांची नोंद सहसा नसते. म्हणून लेखांच्या वेगळ्या सूच्या निघाल्या. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली वैद्यकीय लेखांची ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. तिच्याच परंपरेतला आजचा डेटाबेस म्हणजे ‘पबमेड’. त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी असून तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. शिक्षणशास्त्रासाठी ‘एरिक’ आहे, अर्थशास्त्रासाठी ‘इकॉनलिट’ आहे.

एक उदाहरण घेऊ. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांचे सहकारी यांनी मीठ, ग्लुकोज आणि पाणी यांचे मिश्रण रुग्णांना तोंडाने पाजण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या देखरेखीखालील मृत्यूंचे प्रमाण शेकडा चाराच्याही खाली आले. आज घरोघरी माहीत असलेल्या ‘ओआरएस’च्या इतिहासातील ही मोठी घटना. तिचा मूळ लेख आपल्याला हवा आहे असे समजा.

नुसते ‘कॉलरा’ लिहिले तर हजारो लेख अंगावर येतात. ‘ओआरएस’चे पूर्ण इंग्रजी नाव घेऊन ‘ओरल रिहायड्रेशन’ हे शब्द शीर्षकात शोधावयास सांगितले, तर लेखांची रांग लागते, पण हा लेख तीत नसतो. कारण १९७३ साली ‘जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नल’मध्ये तो छापला गेला तेव्हा महालनबीसांनी शीर्षकात ‘ओरल फ्लुइड थेरपी’ असे शब्द योजले होते. यंत्राला आपल्या मनातला अर्थ कळेलच असे नाही. अशा शोधात ते अक्षरे तेवढी जुळविते. यास्तव शोधाला बसण्यापूर्वी कागदावर रकाने पाडावेत. एका रकान्यात रोगाची नावे, दुसऱ्यात उपचाराची जितकी नावे सुचतील तितकी, तिसऱ्यात स्थळ. एका रकान्यातील शब्द ‘ऑर’ने जोडावेत, म्हणजे यांपैकी कोणताही चालेल, रकाने एकमेकांना ‘अँड’ने जोडावेत, म्हणजे सर्व हवेत. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर अवतरणचिन्हांत घालावा. शिवाय पबमेडमधील बहुतेक लेखांना ठरीव विषयनामे जोडलेली असतात. पूर्वी हे काम जाणकार माणसे करीत, २०२२ पासून ते मुख्यत्वे यंत्राकडे गेले आहे. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, विषयनामाच्या वाटेने तो लेख गाठता येतो.

आणि एक चांगला लेख हाती लागला की अर्धे काम झाले. त्याच्या शेवटी दिलेले संदर्भ आपल्याला मागे नेतात. त्याचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला, हे पाहण्याची सोय युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली आपल्या उल्लेखसूचीने करून दिली, तीच आज अनेक डेटाबेसांत आहे.

कित्येक डेटाबेसांत ‘तज्ज्ञ-परीक्षित’ अशी एक चौकट असते; तीत खूण केली की बाकीचे गळून पडते. पबमेडमध्ये ती नाही. जेथे आहे तेथेही ती बहुधा नियतकालिकाविषयी सांगते, लेखाविषयी नव्हे. त्याच अंकातील संपादकीय, वाचकांचे पत्र किंवा ग्रंथपरीक्षण त्या चाळणीतून गेलेले असेलच असे नाही. (प्रश्नाला आपणच उत्तर रचून देणारी नवी यंत्रे तर कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावे देतात, ती डेटाबेसात ताडून पाहिल्याखेरीज घेऊ नयेत.)

परीक्षण म्हणजे सत्याची हमीही नव्हे. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी एक लेख आला. त्यात सुमारे ९६,००० कोविड-रुग्णांची माहिती तपासल्याचे म्हटले होते आणि औषधाने मृत्यू वाढतात असे सुचविले होते. तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या प्रयोगातील त्या औषधाची चाचणी थांबविल्याचे जाहीर केले. पुढे मूळ माहिती स्वतंत्र परीक्षकांना दाखविण्यास ती पुरविणाऱ्या कंपनीने नकार दिला आणि ४ जून रोजी लेख मागे घेण्यात आला. पुढे मोठ्या चाचण्यांत ते औषध निरुपयोगी ठरले हे खरे, पण त्याचे श्रेय या लेखाला देता येत नाही. मागे घेतलेल्या लेखाच्या नोंदीवर पबमेड तशी ठळक सूचना देतो. कोणी पाठविलेल्या जुन्या प्रतीवर मात्र ती नसते. तेव्हा लेख हाती असला तरी त्याची नोंद एकदा उघडून पाहावी.

राहिला प्रश्न पूर्ण लेख मिळविण्याचा, कारण फुकट दिसतो तो बहुधा सारांश. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सुमारे ६,३०० सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना तीस प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके खुली झाली. आपण अशा संस्थेत असाल तर प्रथम तेथील ग्रंथपालांना भेटावे. नसाल तर ‘पबमेड सेंट्रल’मध्ये पाहावे, तेथे लक्षावधी लेख पूर्ण स्वरूपात आहेत. तेथेही न मिळाल्यास लेखकाला सरळ पत्र घालावे. त्याचा पत्ता लेखाच्या नोंदीत पुष्कळदा दिलेला असतो, आणि आपला लेख कोणी मागितला याचा आनंद बहुतेक संशोधकांना होतो. पत्र लहान असावे: लेखाचे नाव, वर्ष आणि तो कशासाठी हवा, एवढे पुरे.